थकलेले कर्ज आणि फसवणुकीचा आरोप

घरासाठी घेतलेले कर्ज फेडता न येणे हा भारतीय कायद्यात गुन्हा नाही. तो कराराचा भंग आहे आणि त्यावरचा उपाय दिवाणी स्वरूपाचा आहे. बँकेला २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तारण मालमत्तेचा ताबा घेता येतो, तिचा लिलाव करता येतो आणि कर्जदाराला त्याविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. तरीही जळगाव आणि धुळ्यासारख्या जिल्ह्यांत, जिथे शहराच्या कडेची काळी जमीन बिनशेती होऊन प्लॉटमध्ये विकली जाते आणि त्या प्लॉटवर घर उभे राहते ते बहुतेक बँकेच्या कर्जातून, थकलेल्या हप्त्याचे प्रकरण पोलीस ठाण्यात पोहोचले की कर्जदार, त्याचे कुटुंब आणि कधी कधी त्याचा वकीलसुद्धा थकबाकी आणि फसवणूक या दोन्ही गोष्टी एकच समजून चालू लागतात. गृहकर्ज फसवणुकीच्या आरोपाविरुद्धचा बचाव या दोहोंमधील रेषा न्यायालयाला दाखवून देण्यावर उभा असतो, आणि ती रेषा आरोपीच्या हेतूतून जाते.

भारतीय दंड संहितेचे कलम ४२० आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) यांखाली फसवणूक सिद्ध होण्यासाठी आरोपीने समोरच्याला अप्रामाणिकपणे भुलवून मालमत्ता द्यायला लावली, असे दाखवावे लागते. हा अप्रामाणिक हेतू कर्ज घेतानाच असायला हवा, नंतर हप्ते थकले एवढ्यावरून तो मागे जाऊन गृहीत धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदयरंजन प्रसाद वर्मा खटल्यात स्पष्ट केले आणि त्यानंतरच्या असंख्य निकालांत तेच सूत्र आले. म्हणून अशा खटल्यात बचावाचा सर्वांत मोलाचा पुरावा अनेकदा अगदी साधा असतो: सुरुवातीचा स्वतःचा हिस्सा भरल्याची पावती, पहिली दोन-तीन वर्षे नियमित गेलेले हप्ते, त्यानंतरचे आजारपण किंवा नोकरी सुटल्याची नोंद, कापसाचे किंवा केळीचे पीक हातचे गेल्याच्या वर्षीचे खातेउतारे. जो माणूस पहिल्या दिवसापासून बुडवायला निघाला होता तो हप्ते का भरत बसेल, हा प्रश्न न्यायाधीशांसमोर कागदांनिशी ठेवणे हाच या बचावाचा गाभा असतो. उलट, कर्ज हाती पडताच पैसा भलतीकडे वळला आणि एकही हप्ता गेला नाही, तर हाच प्रश्न आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो.

अशा प्रकरणाचा तपास कोणाकडे जातो, हे अमेरिकेशी तुलना केली की स्पष्ट होते. तिथे बँकेला खोटी माहिती देऊन गृहकर्ज मिळवणे हा केंद्रीय गुन्हा आहे. त्यासाठी ३० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि खटला भरण्याची मुदत १० वर्षांची आहे. भारतात पोलीस हा राज्यांचा विषय असल्यामुळे बहुतेक गृहकर्ज प्रकरणे स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत नोंदली जातात, आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचे मोठ्या रकमेचे किंवा बँक अधिकाऱ्याचा हात असल्याचा संशय असलेले प्रकरण सीबीआयकडे जाते. सीबीआयची सत्ता १९४६च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून येते आणि त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे राज्यात तपास करण्यासाठी राज्य सरकारची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२०मध्ये काढून घेतली होती आणि २०२२मध्ये पुन्हा दिली. त्यामुळे तपास कोणत्या यंत्रणेने, कोणत्या तारखेला आणि कोणत्या अधिकाराने हाती घेतला, हा प्रश्न आरोपीच्या वकिलाने पहिल्याच वाचनात तपासायचा असतो.

दोन्ही देशांतील गुन्ह्याच्या व्याख्येतही एक महत्त्वाचा फरक आहे. २१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागोचे माजी नगरसेवक पॅट्रिक थॉम्पसन यांच्या खटल्यात असे ठरवले की, बँकेला खोटे विधान करण्याचे कलम दिशाभूल करणाऱ्या पण शब्दशः खऱ्या विधानाला लागू होत नाही. एकूण २,१९,००० डॉलर घेतलेल्या थॉम्पसन यांनी आपण १,१०,००० डॉलर घेतल्याचे सांगितले होते, आणि तेवढे त्यांनी खरोखरच घेतले होते. भारतात मात्र हा बचाव टिकणारा नाही, कारण फसवणुकीच्या व्याख्येखालच्या स्पष्टीकरणात वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवून ठेवणे हीसुद्धा फसवणूक असल्याचे म्हटले आहे. अर्जात आधीचे कर्ज न लिहिणारा कर्जदार, मी खोटे काही लिहिलेच नाही, एवढ्यावर सुटू शकत नाही. ती माहिती का राहिली आणि बँकेने ती विचारली होती का, हे त्याला दाखवावे लागते.

१ जुलै २०२४पूर्वीच्या व्यवहारांच्या फिर्यादीत फसवणुकीच्या जोडीला बहुधा दंड संहितेची बनावट दस्तऐवजाची कलमे ४६७, ४६८ आणि ४७१ येतात, आणि त्यांपैकी ४६७ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्यामुळे जामिनाचा प्रश्न तिथूनच अवघड होतो. या कलमांचा बचाव मात्र फसवणुकीपेक्षा वेगळा आहे. खानदेशात एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावे असताना एकाने संपूर्ण जमीन आपली म्हणून तारण दिली, असा वाद उभा राहू शकतो. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या २००९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एखाद्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने दस्त केला आणि त्यात आपली नसलेली मालमत्ता आपली म्हटली, तरी तो दस्त कायद्याच्या अर्थाने बनावट ठरत नाही. बनावट म्हणजे दुसऱ्याचे नाव वा सही घेऊन केलेला किंवा अधिकाराविना फेरफार केलेला दस्त. ज्याला ठकवले गेले त्याच्या बाबतीत अशा व्यवहारात फसवणूक असू शकते, पण बनावटीचे कलम गळून पडते, आणि आरोपीच्या दृष्टीने हा फरक वर्षानुवर्षांच्या कैदेचा आहे. त्याच वाटेने २०१८च्या शीला सेबास्टियन खटल्यात न्यायालयाने सांगितले की, बनावट दस्त ज्याने तयार केला त्यालाच त्या कलमाखाली दोषी धरता येते. एजंटने कर्जदाराच्या नावे बनवलेल्या पगारपत्रकाच्या किंवा आयकर विवरणपत्राच्या प्रकरणात हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. मात्र तो कागद खोटा आहे हे ठाऊक असताना वापरला, असे सिद्ध झाले तर कलम ४७१ लागू होते, आणि तिथे बचाव पुन्हा माहिती व हेतू यांच्याकडे वळतो.

एकाच घरावर दोन-तीन बँकांकडून कर्ज काढण्याचा प्रकार रोखण्यासाठी २०११पासून सरसाई ही केंद्रीय नोंदणी व्यवस्था चालू आहे. महाराष्ट्राने नोंदणी कायद्यात कलम ८९-ब घालून, हक्काचे कागद बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांत निबंधकाकडे देणे बंधनकारक केले, आणि शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा बोजा चढतो. या नोंदी आरोपीला अडचणीच्या वाटत असल्या तरी त्या त्याच्याच कामी येऊ शकतात, कारण बोजा आधीपासून नोंदलेला असेल तर दुसऱ्या बँकेला तो साध्या तपासणीत दिसायला हवा होता, आणि उघड्या नोंदीत असलेली गोष्ट दडवली असे म्हणणे फिर्यादी पक्षाला जड जाते.

गृहकर्जाच्या फाइलवर कर्जदार, बिल्डर, मूल्यांकनदार, बँकेच्या पॅनेलवरील वकील आणि मंजुरी देणारा अधिकारी अशा अनेकांच्या सह्या असतात, आणि प्रकरण फसले की कटाच्या आरोपाखाली त्या सर्वांना एकत्र उभे केले जाते. या बाबतीत के. नारायण राव यांचा २०१२चा निकाल प्रत्येक जिल्हा न्यायालयातील वकिलाने हाताशी ठेवावा असा आहे. हैदराबादेतील विजया बँकेच्या गृहकर्ज घोटाळ्यात सीबीआयने पॅनेलवरील वकिलाला आरोपी केले, कारण त्याच्या हक्क-तपासणी अहवालाच्या आधारे कर्जे मंजूर झाली आणि मालमत्ता खोट्या निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वकिलाचे मत चुकीचे निघणे किंवा त्याने हयगय करणे हा फार तर व्यावसायिक जबाबदारीचा प्रश्न आहे. इतरांशी संगनमत केल्याचा स्वतंत्र पुरावा नसताना त्याला कटात गोवता येणार नाही. हे तत्त्व वकिलापुरते ठेवण्याचे कारण नाही. हयगय आणि संगनमत यांत जे अंतर आहे ते मूल्यांकनदाराला, बँकेतील कनिष्ठ अधिकाऱ्याला आणि एजंटने पुढे केलेल्या कागदांवर न वाचता सही करणाऱ्या कर्जदारालाही तितकेच लागू आहे.

खानदेशात घरांसाठीच्या कर्जाचा सर्वांत गाजलेला खटला मात्र एखाद्या बँकेच्या शाखेतला नसून नगरपालिकेचा आहे. जळगाव नगरपालिकेने १९९०च्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुल योजना आखली, तिच्यासाठी हुडकोसारख्या संस्थेकडून कर्ज उभे केले, आणि ठेकेदाराला नियमबाह्य सवलती व आगाऊ रकमा देऊन सुमारे २९ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा आरोप पुढे आला. तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६मध्ये फिर्याद दिली, माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च २०१२मध्ये अटक झाली, त्यांना २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना ७ वर्षांची कैद व १०० कोटींचा दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना ५ वर्षांची कैद झाली. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. हे प्रकरण एखाद्या कुटुंबाच्या गृहकर्जाहून वेगळे आहे, कारण इथे लोकसेवकांवरील विश्वासाचा, म्हणजे सार्वजनिक पैशाच्या अपहाराचा प्रश्न होता. पण दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्या आहेत. कर्ज घेणे हा आरोप नव्हता, घेतलेल्या पैशाचे काय झाले हा होता. दुसरी गोष्ट काळाची: फिर्याद ते निकाल यांत १३ वर्षे गेली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या फसवणुकीसारख्या गुन्ह्याला आपल्याकडे खटल्याची मुदतच नसल्यामुळे जुने प्रकरण केव्हाही उघडू शकते, साक्षीदारांची स्मृती पुसट होते, शाखा विलीन होतात, फाइली गहाळ होतात, आणि आपला कागद जपून ठेवणारा आरोपीच तेव्हा काही सिद्ध करू शकतो.

बचावाचा सर्वांत दुर्लक्षित टप्पा फिर्यादीच्या आधी येतो. बँकेने एखादे कर्जखाते फसवणुकीचे म्हणून जाहीर केले की कर्जदाराला पुढील कर्जाचे दरवाजे बंद होतात आणि पोलिसांकडे जाण्याची वाट मोकळी होते. असे असूनही कर्जदाराचे म्हणणे न ऐकताच हा शिक्का मारला जात असे. २७ मार्च २०२३ रोजी स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कर्जदाराला नोटीस देऊन, ज्या अहवालाच्या आधारे निष्कर्ष काढला तो पुरवून आणि त्याचे म्हणणे ऐकूनच असा निर्णय घेता येईल व तो सकारण असला पाहिजे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने १५ जुलै २०२४च्या निर्देशांत उत्तरासाठी किमान २१ दिवसांची मुदत घातली. ही २१ दिवसांची नोटीस साध्या वसुलीपत्रासारखी समजून कपाटात ठेवली जाणे, हे सामान्य कर्जदाराचे फार मोठे नुकसान आहे. या उत्तरात जे लिहिले जाईल ते पुढे न्यायालयात वाचले जाणार असल्यामुळे ते घाईत, कबुलीच्या भाषेत किंवा बँकेच्या अधिकाऱ्याने सांगितले तसे लिहून देऊ नये. संविधानाच्या कलम २०(३)ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून दिलेले संरक्षणही त्याला ठाऊक असले पाहिजे.

गुन्हा दाखल झाल्यावरही वाटा उरतात. अटकपूर्व जामीन, दोषारोप ठेवण्यापूर्वी आरोपमुक्तीचा अर्ज, आणि गुन्हाच रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या लोकांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, याचिका, अशा त्या आहेत. ऑगस्ट २०२४च्या दिल्ली रेस क्लब निकालाने आणखी एक मुद्दा दिला: एकाच वस्तुस्थितीवर फसवणूक आणि न्यासभंग हे दोन्ही गुन्हे एकाच वेळी लागू शकत नाहीत, कारण फसवणुकीत हेतू आरंभीच खोटा असतो, तर न्यासभंगात विश्वासाने सोपवलेली वस्तू नंतर हडपली जाते.

एकरकमी परतफेडीने बँकेचे समाधान झाले तर खटला संपतो का, या प्रश्नावर न्यायालयांचे उत्तर एकसारखे नाही. २००९च्या रूमी धर खटल्यात बँकेशी तडजोड झाली तरी आरोपमुक्ती नाकारली गेली. २०१२च्या ग्यानसिंग निकालाने मूलतः दिवाणी व व्यापारी स्वरूपाचे वाद तडजोडीनंतर रद्द करण्याची मुभा उच्च न्यायालयांना दिली. २०१४मध्ये विक्रम दोशी प्रकरणात बँकेची फसवणूक हा समाजाविरुद्धचा गुन्हा आहे, या कारणाने ती मुभा नाकारली गेली. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये के. भारती देवी प्रकरणात, बनावट हक्कलेखांचा आरोप असूनही, परतफेड पूर्ण झाल्यामुळे खटला रद्द झाला. या विसंगतीत एक अन्याय दडलेला आहे आणि तो उघडपणे म्हणायला हवा: ज्याच्याकडे तडजोडीपुरता पैसा उभा राहतो तो सुटण्याची शक्यता वाढते, आणि ज्याचे घर आधीच लिलावात गेले, तो तेवढ्याच किंवा कमी दोषासाठी खटला लढत बसतो.

पुराव्याच्या बाजूला संगणकीय खातेउताऱ्यासोबत विहित प्रमाणपत्र आहे की नाही, हे पाहणे बचावाचे काम आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मूळ यंत्र न्यायालयासमोर नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मूळ मूल्यांकन अहवाल, मंजुरीची टिपणे आणि अर्जावरील सह्यांची तज्ज्ञाकडून तपासणी यांची मागणीही लेखी करावी लागते.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने जिल्हा न्यायालयात मोफत वकिलाची सोय केली आहे. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेले आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही. आदिवासी वस्ती मोठ्या प्रमाणावर असलेल्या या पट्ट्यात ही तरतूद किरकोळ नाही. पतीच्या कर्जात सहकर्जदार म्हणून नाव घातलेली आणि फिर्यादीत दुसऱ्या क्रमांकाची आरोपी झालेली स्त्री केवळ स्त्री असल्यामुळे या मदतीला पात्र असते. त्यासाठी तिने जळगाव किंवा धुळे जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा असतो, आणि तो अटक होण्याची वाट न पाहता नोटीस हाती पडताच देता येतो.