२७३० ते २८६०

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतलं जुनं वर्ल्ड स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या अर्ध्याकच्च्या आवृत्तीत उघडायला गेलं की बॅकअप घ्या असं बजावणारी चौकट येते. तिथेच दुसरं बटण असतं: 'मी काय करतोय ते मला माहीत आहे.' माझा आक्षेप या बटणावर आहे. ते दाबणाऱ्या बहुतेकांना पुढे काय घडणार याची कल्पना नसते. प्रत्येक वर्ल्डमध्ये डेटाचा क्रमांक नोंदलेला असतो, १.१७.१ चा २७३०, १.१८ चा २८६०. २७३० वरून २८६० वर नेणारी सोय गेममध्ये आहे, २८६० वरून २७३० वर आणणारी नाही. त्यात हे रूपांतर एका दमात होत नाही. सोळा बाय सोळा ठोकळ्यांचे चंक, खेळाडू जवळ जाईल तसतसे बदलत जातात. अर्धा तास फिरून 'नको, जुनंच बरं' म्हणणाऱ्याचं घर नव्या रूपात गेलेलं असतं आणि दूरची खाण जुन्याच. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या १.१८ ने तर जगाची उंची २५६ वरून ३८४ ठोकळ्यांवर नेली. जुन्या तळाखाली आलेले ६४ थर १.१७.१ च्या हिशेबातच नाहीत.

बॅकअपचं बटण दाबलं तर गेम स्वतःच वर्ल्डची झिप करून ठेवतो की, असं कुणी म्हणेल. ठेवतो, आणि ते चांगलंच आहे. पण ती झिप सहसा त्याच डिस्कवर पडते. क्लाउडवर आपोआप जाणाऱ्या फोल्डरचाही भरवसा नको, बिघडलेली फाइल तिथेही तितक्याच तत्परतेने चढते. गेम बंद करून सेव्हजमधलं वर्ल्डचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावं. नुसती लेव्हल डॅट फाइल उचलून भागत नाही, कारण बांधलेलं सगळं रीजन फाइल्समध्ये असतं. लाँचरमध्ये स्नॅपशॉटला वेगळी गेम डिरेक्टरी दिली, तर खरी सेव्हज त्याला दिसतही नाहीत. चाचणीसाठी कॉपीच तिथे न्यावी.

'खेळच तर आहे' हे उत्तर मला पटत नाही. दोन वर्षं खपून उभं केलेलं शहर ही कुणाची तरी मेहनत आहे. शिवाय ज्याचं वर्ल्ड गेलं, तो पुन्हा स्नॅपशॉटच्या वाटेला जाईल कशाला? चुका शोधून कळवणारी माणसं गमावणं गेमलाही परवडणारं नाही. म्हणून स्नॅपशॉट सुरू करण्याआधी कॉपीची आणखी एक प्रत काढून ती स्थिर आवृत्तीत उघडावी आणि पेट्यांतलं सामान जागेवर आहे ना, ते पाहावं.