नदी उशाला, कोरड घशाला

पाचवीच्या मुलांना आम्ही 'माझ्या गावची नदी' हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले, "आमच्या नदीचे पाणी उसाला चालते, आम्हांला चालत नाही." वही तपासताना हात थांबला. यात चूक ती काय काढायची?

दौंड तालुक्यातले राहू मुळा-मुठेच्या काठी आहे. दुसऱ्या अंगाला भीमा, तिच्या पल्याड शिरूर तालुका. दोन नद्यांमधल्या या पट्ट्याला लोक राहू बेट म्हणतात. शिवारात ऊस, गुऱ्हाळांची चुलवाणे पेटलेली आणि घरात मात्र प्यायला विकतचा जार! शिरूरच्या केंदूर-पाबळकडे पाणीच नाही म्हणून रडतात. इथे पाणी दिसते, म्हणून आपले दुखणे कुणाला दुष्काळ वाटत नाही.

खडकवासल्याचे धरण 1879 च्या सुमारास झाले, ते शेती आणि पुणे शहर दोन्हींसाठी. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर जोडली गेली. चारही धरणे भरली तरी साठा 29 टीएमसीच्या आसपास. शहर वाढत गेले, तसा त्याचा वाटाही वाढला. शहराने वापरलेले पाणी नदीत येते, पण सगळेच शुद्ध होऊन येत नाही. उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. लांबून पाहणाऱ्याला तो छानच वाटतो म्हणा! मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी जुन्या कालव्यात सोडून हवेली-दौंडच्या शेतीला देण्याची योजना आली, ती याच पेचातून.

आमच्या ओळखीच्या एका चाचांची दोन एकर जमीन आहे. आडसाली उसाला दीड वर्ष पाणी लागते. गेल्या खेपेला कालव्याचे आवर्तन लांबले, विहीर तळाला गेली. तेव्हा नदीचे पाणी उपसून दिले. ऊस जगला, पण जमिनीवर पांढरा क्षार फुटला. "मास्तर, पीक वाचवलं, जमीन आजारी पाडली," असे ते म्हणाले.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण वुजूचा नळ हळू सोडणारे आपले हात शेतात पाटाने मोकाट पाणी सोडतात, हेही बोलायला हवे. ठिबक महाग आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी सारा दोष पुण्याच्या माथी मारणे आम्हांला पटत नाही.

परवा चाचा शाळेत आले. कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरून हवा होता. पिकाच्या रकान्यापाशी आम्ही थांबलो. ज्वारी लिहावी तर सोसायटीचे कर्ज फिटत नाही, ऊस लिहावा तर पाण्याचा भरवसा नाही. चाचा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"एक एकर ऊस लिहा," शेवटी ते म्हणाले, "आणि एक एकर ज्वारी. अम्मीला विचारून आलोय."