प्रार्थना आणि आत्मपरिवर्तन : लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या संदर्भात

धर्मांतर व आत्मपरिवर्तन एकाच वेळी घडते, असा सर्वसाधारण समज आढळतो. लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन या समजाला छेद देते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या वर्षांत त्यांनी बराच काळ सोवळेओवळे कसोशीने पाळले. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे मनोमन पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला; बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे येथे परिवर्तनाचा पहिला पुरावा उपासनामंदिरात नव्हे, तर पाण्याच्या भांड्यापाशी मिळतो. १९३४ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई स्वतःच्या सोवळ्यालाही हसतात. उपदेशपर ख्रिस्ती वाङ्मयात हा गुण तसा दुर्मिळच म्हणावा लागेल.

प्रार्थनेच्या बाबतीत टिळकांनी अभंग व कीर्तन ही संतपरंपरेची साधने स्वीकारली. परिणामी घरातील दैनंदिन उपासनेला परकी भाषा उसनी घ्यावी लागली नाही. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' ओवीछंदातच पूर्णत्वास नेले.