पुंगळीच्या मानेवरची काजळी

अमेरिकेत घरी रायफलची काडतुसे भरणाऱ्यांपैकी काही जण झाडलेली पुंगळी काळी दिसली की दाब जास्त झाला असे समजून पावडर कमी करतात. निदान नेमके उलटे आहे. पितळेची पुंगळी (साधारण ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त) दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूची वाट बंद करते. दाब अपुरा असला की मान (गोळी धरून ठेवणारा पुढचा भाग) उशिरा चिकटते, तेवढ्यात वायू मागे सरकतो नि काजळी खांद्यापर्यंत (मान जिथे रुंद होते तिथवर), कधी त्याच्याही खाली उतरते. म्हणूनच १८७३ सालच्या .४५-७० काडतुसात, ज्याची कमाल मर्यादा २८,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे, काळी पुंगळी नवलाची नाही, ६०,००० पीएसआयच्या .३०-०६ काडतुसात मात्र काजळी खांद्याखाली गेली तर कारण शोधायलाच हवे.

मग पावडर वाढवा, असे कोणी म्हणेल. पण तेवढ्याच पावडरीत नवी पुंगळी स्वच्छ आणि अनेकदा वापरलेली काळी निघत असेल, तर दोष कडक झालेल्या पितळेचा असतो. अशी मान तापवून मऊ करावी लागते. बूड मुळीच तापू द्यायचे नाही, कारण तिथे चेंबरचा पुरता आधार नसतो. पावडर वाढवायचीच तर छापील तक्त्याच्या मर्यादेत, थोडी थोडी. फक्त मानेच्या टोकाशी काळी कडा असेल तर काही करू नये. बुडातल्या प्रायमरभोवती (ठिणगी देणाऱ्या टोपीभोवती) काजळी दिसली तर गोष्ट वेगळी: त्याची खाच बहुधा सैल झालेली असते आणि ती पुंगळी बादच करावी.