प्रवाळांच्या टाकीतला उजेड

मेटल हॅलाइड दिव्याचा प्रकाश जवळपास एका बिंदूतून येतो. पाणी हललं की वाळूवर उजेडाची जाळी सरकत राहते. टी-५ ट्यूबचा प्रकाश नळीभर पसरलेला. सावल्या पुसट, रंग सगळीकडे सारखे, पण ती जाळी गायब आणि टाकी काहीशी सपाट. एलईडीने जाळी परत आणली. मात्र वेगवेगळ्या रंगांचे एलईडी दूरदूर बसवले, तर वाळूवर रंगीत कडा उमटतात, आणि त्या खुपतात.

खरी जादू निळ्या प्रकाशाची. सुमारे ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून प्रवाळांतली काही प्रथिनं हिरवा, नारिंगी उजेड बाहेर टाकतात. १०,००० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली मळकट वाटणारे झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे भाऊबंद, या निळ्या प्रकाशात पेटल्यासारखे दिसतात. पिवळाधमक टँग मासा मात्र नुसत्या निळ्यात हिरवट, फिका पडतो.