ट्रकची उंची नकाशाला कोण सांगणार?

चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या ट्रकमध्ये पुष्कळदा दोन यंत्रं असतात. एक डॅशबोर्डच्या आत, सहज दिसणार नाही असं बसवलेलं. गाडी कुठे आहे, किती वेळ थांबली, किती वेगाने चालली हे ते मालकाच्या मोबाइलवर कळवत राहतं. दुसरं म्हणजे समोरच्या काचेला लावलेला ड्रायव्हरचा स्वतःचा फोन. बोलताना दोन्हींना जीपीएसच म्हणतात. पण दुकानात जाऊन ‘ट्रकसाठी जीपीएस द्या’ म्हटलं, की काउंटरवर बहुधा पहिलं यंत्र येतं. ते मालकाच्या उपयोगाचं. रस्ता दाखवणारं यंत्र ड्रायव्हरच्या उपयोगाचं, आणि त्याची चौकशी फारसं कोणी करत नाही.

पहिल्या यंत्राची घडी बऱ्यापैकी बसली आहे. त्यासाठीचं एआयएस-१४० हे मानक पुण्यातच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेने प्रसिद्ध केलं. गाडीची बॅटरी तुटली तरी यंत्र चार तास चाललं पाहिजे, नेटवर्क गेलं तर चाळीस हजार नोंदी साठवता आल्या पाहिजेत, इतक्या बारकाईने त्यात लिहिलं आहे. आधी ते प्रवासी वाहनांना लागू झालं. नंतर धोकादायक माल नेणाऱ्या ट्रकनाही असं यंत्र सक्तीचं झालं. गाडीवर लक्ष ठेवायला इतकं काटेकोर मानक आहे. ती गाडी चालवणाऱ्याला नीट वाट दाखवण्यासाठी मात्र असं काहीच नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

विक्रेते उपग्रहांबद्दल भरभरून बोलतात. अमेरिकेचं जीपीएस, आपल्या इस्रोचं नाविक, दोन्हींचा सिग्नल पकडतो, वगैरे. खरं आहे ते, आणि चांगलंच आहे. पण जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जो सिग्नल पाठवतात, त्यातून यंत्राला आपण कुठे आहोत एवढंच काढता येतं. पुढचा पूल किती उंच आहे, गल्लीत वळायला जागा आहे का, घाट अवजड वाहनांना बंद आहे का, हे उपग्रहाला ठाऊक नसतं. ते नकाशात कोणीतरी भरलेलं असावं लागतं. म्हणून यंत्र घेताना उपग्रहांपेक्षा नकाशाबद्दल जास्त विचारावं.

आणि नकाशाला विचारायचा पहिला प्रश्न: माझी गाडी केवढी आहे हे तुला सांगता येतं का? गार्मिन, टॉमटॉम, रँड मॅकनॅली या कंपन्या खास ट्रकसाठी यंत्रं बनवतात. त्यांत सुरुवातीलाच गाडीची उंची, लांबी, रुंदी, वजन आणि मालाचा प्रकार भरायचा असतो. मग यंत्र ठेंगणे पूल आणि कमी वजनाची मर्यादा असलेले रस्ते टाळून मार्ग काढतं, तीव्र उताराची आगाऊ सूचना देतं. मात्र हे सगळं मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या नकाशांच्या जोरावर. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून असं यंत्र मागवण्याचा मोह होतो. तसं करण्याआधी त्यात भारताचा नकाशा आहे का आणि त्या नकाशात ट्रकच्या बंधनांची माहिती भरलेली आहे का, हे लेखी विचारून घ्यावं. नकाशा आहे पण बंधनं नाहीत, तर ते मोठ्या पडद्याचं कारचंच यंत्र झालं.

आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये असतं ते गूगल मॅप्स. दुचाकीसाठी वेगळा पर्याय त्यांनी २०१७ साली भारतातच पहिल्यांदा आणला. ट्रकसाठी असा पर्याय त्यात नाही. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे देशी अ‍ॅप गतिरोधक, खड्डे, पुलाच्या तोंडाशी कोणती लेन धरायची हे चांगलं दाखवतं, आणि पुण्यासारख्या शहरात त्याचा उपयोग होतो. पण तिथेही आपल्या गाडीच्या मापाने मार्ग मिळतो का, हे स्वतः तपासूनच ठरवावं.

मापाचा प्रश्न किती खरा आहे ते कंटेनरवाल्यांना विचारा. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच, हाय-क्यूब साडेनऊ फूट. तोच ट्रेलर, तोच ड्रायव्हर, तोच न्हावा-शेवा ते चाकण रस्ता, पण एका फेरीला डोक्यावर एक फूट जास्त. महामार्गाखालचे काही भुयारी मार्ग मुळात हलक्या वाहनांसाठीच बांधलेले असतात. कारच्या नकाशाला त्या भुयारातून पलीकडे जाणं हा सर्वांत जवळचा रस्ता वाटतो. ट्रेलर तोंडाशी अडकला की मागे वीस गाड्या, हॉर्न, शिव्या, आणि क्लीनर खाली उतरून हात करत गाडी रिव्हर्स घ्यायला लावतोय. यात दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो, हे अन्यायाचं आहे. त्याला कारचा रस्ता दाखवलेला असतो.

घाटांचं तेच. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने अवजड वाहनांना बंद होतो. असा आदेश नकाशात उतरेलच याची खात्री नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची एक कार अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि एकाचा जीव गेला. नकाशात तो रस्ता चालू होता. कारची ही गत. भरलेल्या ट्रकला तर मागे फिरायलाही जागा मिळत नाही.

शिवाय उतार. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना रोजच्या बातम्यांतून माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने दिलेल्या धडकेत ४८ गाड्यांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं हे तिथल्या अपघातांचं वारंवार सांगितलं जाणारं कारण. बाहेरगावचा ड्रायव्हर पहिल्यांदा येतो तेव्हा बोगद्याच्या आधीच ‘पुढे लांब उतार, गिअर खाली घ्या’ असं त्याच्या भाषेत सांगणारा आवाज हवा. माझ्या मते ट्रकच्या यंत्रातली ही सर्वांत मोलाची सोय. ती ज्यात असेल त्याला इतर दहा गोष्टींपेक्षा वरचढ मानावं.

आता हाताशी येणाऱ्या गोष्टी. जड ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते, कारची आणि छोट्या हत्तीची १२ ची. फक्त १२ व्होल्टचा स्वस्त चार्जर ट्रकला लावला तर तो जळू शकतो, कधी फोनही घेऊन जातो. १२ ते २४ व्होल्ट असं छापलेलाच घ्यावा. काचेमागच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना त्याचा काय उपयोग? अशा गाडीवाल्यांनी पडदा मोठा आणि स्टँड एसी नसलेल्या केबिनचा उन्हाळा सोसेल असा बघावा. आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला पाहिजे. फोन केवळ रस्ता बघण्यासाठी वापरायला १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तरच. म्हणजे फोन मांडीवर नको, स्टँडवर हवा, आणि पत्ता गाडी हलण्याआधी टाकलेला हवा.

नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. घाटात नेटवर्क जातं; भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत तर उपग्रहही दिसत नाहीत. आणि नकाशा ताजा आहे का ते चांदणी चौकात पाहावं. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर पाडला, नव्या पुलांचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं. एकावर एक रस्ते असलेल्या अशा जागी यंत्राची चूक व्हायची ती होतेच, पण नकाशाच जुना असेल तर सुटका नाही.

खरी अडचण बहुधा शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये येते. हैदराबादहून पुण्यापर्यंत यंत्राची गरज जेमतेम. पण चाकण किंवा रांजणगावात कंपनीच्या नावाने शोधलं की पिन साहेबांच्या गेटवर पडते, माल उतरवायचं गेट मागच्या रस्त्याला. माल पाठवणाऱ्याने बिल्टीबरोबर गोदामाच्या गेटचंच लोकेशन टाकलं, आणि शहरात अवजड वाहनांना बंदी कोणत्या वेळेत आहे हे एका ओळीत लिहिलं, तर कितीतरी डिझेल आणि दंड वाचेल. हे काम ट्रान्सपोर्टवाल्यांनी आणि कंपन्यांनी करायचं आहे.

ज्याची गाडी रोज ठरलेल्या रस्त्यावर धावते, त्याने वेगळ्या यंत्रावर पैसे घालू नयेत. मजबूत स्टँड, योग्य चार्जर आणि ट्रॅफिक दाखवणारा फोन पुरे. रोज नवं गाव, नवा माल असेल तर मात्र गाडीचं माप विचारणारं यंत्र शोधावं, आणि पैसे देण्याआधी दुकानातच त्याची परीक्षा घ्यावी. गाडीची उंची आणि वजन भरा. कोंढवा ते सासवड रस्ता मागा. त्याने भरलेला ट्रक बोपदेवच्या अरुंद, उभ्या चढावर नेला, तर विचारा की दिवे घाटाने का नाही. मग भर दुपारी चाकणहून गुलटेकडी मार्केट यार्डला जायचं सांगा. ते सरळ शहराच्या मधून निघालं, तर यंत्र परत करा.