जांभ्याच्या भिंतीआड अडकलेला डॉक्टर

जामसंड्यातलं एखादं जुनं घर. राउटर ओटीवर, आजी माजघरात पलंगावर आणि फोनवर डॉक्टर. 'दम चालताना लागतो की बसल्या जागी?' एवढं विचारतात आणि त्यांचा चेहरा गोठतो. मग घरातलं कुणीतरी चिडतं, 'काल याच वायफायवर अख्खा सिनेमा बघितला!'

सिनेमा चालतो, कारण फोन पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. बोलण्यात साठवायला पुढचं काही नसतंच. उशीर एका बाजूला साधारण 150 मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला, की संभाषण अडखळू लागतं.

वायफायमध्ये हा उशीर मुरलेलाच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. पोच आली नाही, तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. त्यात खळ्यात बसलेल्याच्या फोनला सिग्नल क्षीण, म्हणून तो सावकाश पाठवतो आणि हवा अडवून धरतो. राउटरशेजारचा फोनही मग ताटकळतो. आवाज आणि व्हिडिओला रांगेत पुढे घेण्याची सोय 2005च्या 802.11ई मानकात आली खरी, पण त्याने भिंत पातळ होत नाही.

आणि आपली भिंत चांगली जाड, जांभ्याची. हा सच्छिद्र चिरा पावसाळ्यात पाणी धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. त्यातही 5 गिगाहर्ट्झची लहर 2.4पेक्षा लवकर दमते. एकाच खोलीत असाल तर 5 उत्तम, भिंतीपलीकडे 2.4 बरी.

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' एप्रिल 2020मध्ये थेट घरापर्यंत आली, तेव्हापासून हा प्रश्न करमणुकीपुरता राहिलेला नाही. श्वासाची गती डॉक्टर छातीच्या हालचालीवरून मोजतात. चित्र मध्येच गोठलं, तर काही श्वास दिसतच नाहीत, आणि मोजणी चुकते.

म्हणून राउटर कपाटात कोंडू नये; घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. ते जमत नसेल तर आजींनाच ओटीवर आणावं. तेवढा वेळ बाकीच्यांनी व्हिडिओ बंद ठेवावेत. अंगावरचं पुरळ दाखवायचं असेल, तर स्पष्ट फोटो पाठवणं केव्हाही चांगलं. मात्र दम बसल्या जागी लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तर रेंज शोधत बसू नये. 108ला फोन करावा.